'द मेकिंग ऑफ द अ‍ॅटॉमिक बॉम्ब' : सात महिन्यांनंतर, मोडलेल्या पाठीसकट

रिचर्ड ऱ्होड्सच्या या पुस्तकाची पेपरबॅक प्रत अकराव्या प्रकरणापाशी पाठीतून फाटली. दोन तुकडे झाले, वर सहा पानं सुटी. विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं : परतीची मुदत सात दिवसांची होती. एवढा ठोकळा सात दिवसांत वाचून तपासणारं गिऱ्हाईक त्यांना कुठे भेटतं कोण जाणे.

पुस्तक अणुबॉम्ब कसा घडला त्याच्या इतिहासाचं, त्याबद्दल जास्त सांगत बसत नाही. १९८७चं नॅशनल बुक अवॉर्ड, १९८८चं पुलित्झर, हे घेणाऱ्याला ठाऊकच असतं. मला बोलायचंय ते टिपांबद्दल, कारण पाठ मोडली ती टिपांनी.

टिपा सगळ्या पुस्तकाच्या शेवटी आहेत आणि मजकुरात त्यांचे आकडेच नाहीत. मागे पान क्रमांक, वाक्यातले दोन-चार शब्द आणि मग संदर्भ. त्यामुळे समोरच्या वाक्याला टीप आहे की नाही हे मागे जाऊन शोधल्याशिवाय कळत नाही. तिथे मिळतं काय, तर लेखकाचं आडनाव आणि साल. तो ग्रंथ कोणता, हे बघायला आणखी मागे ग्रंथसूचीत. एक बोट मजकुरात, दुसरं टिपांत, तिसरं सूचीत, आणि चहा गार.

जुजबंदीच्या पुस्तकांत फर्म्यांच्या (छापलेल्या मोठ्या कागदांच्या) घड्या दोऱ्याने शिवलेल्या असतात, ती उलटीपालटी केली तरी तग धरतात. पेपरबॅकात घड्यांची पाठ कापून सपाट करतात आणि गरम गोंदाचा थर देतात. प्रत्येक पान फक्त कडेवर चिकटलेलं. गोंद जुना झाला की कडक होतो आणि पुस्तक त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवलं की तिथेच चीर जाते.

दुरुस्ती घरी होते. आवरण अलगद सोडवा. जुना गोंद बोथट सुरीने खरवडा. ओढलात तर पानाची कड सोबत येते. पानं ठोकून सारखी करा, दोन फळ्यांमध्ये धरून पाठ दोन-तीन मिलिमीटर वर राहील असं आवळा. पाठीवर पॉलिशपेपर हलका फिरवा. हॅकसॉच्या पात्याने दर दीड-दोन सेंटीमीटरवर आडव्या खाचा द्या, खोली फार तर दीड मिलिमीटर, नाहीतर खाच आतल्या समासात डोकावते. खाचांत फेविकॉल भरून सुती दोरा दाबून बसवा. वर फेविकॉलचा पातळ थर, त्यावर मलमलीची पट्टी, वाळल्यावर दुसरा थर, मग आवरण आणि रात्रभर वजन. घाईने एकच जाड थर दिला तर तो कडक होऊन पुन्हा तडकतो. फेविकॉलात पाणी जास्त झालं तर कागदाला लाटा येतात. सेलोटेप मुळीच नको, वर्ष-दोन वर्षांत पिवळी पडते आणि चिकटा शेजारच्या पानावर उतरतो.

हे उपद्व्याप टाळायचे तर पहिल्याच दिवशी टिपांच्या पानांची झेरॉक्स काढून वेगळी चोपडी करा. नव्या प्रतीपेक्षा फार स्वस्त पडते.

पहिली नऊ प्रकरणं बहुतेक भौतिकशास्त्राची आहेत आणि वाचक गळतात ते तिथेच. आवरणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने एवढं लिहून ठेवा : १९११ अणुकेंद्राचा शोध, १९३२ न्यूट्रॉनचा, डिसेंबर १९३८ हान आणि श्ट्रासमान (युरेनियमचा अणू फुटतो हा शोध), २ डिसेंबर १९४२ शिकागोची पहिली अणुभट्टी, १६ जुलै १९४५ ट्रिनिटी, म्हणजे पहिली अणुबॉम्ब चाचणी. त्याखाली एकच आकडा : नैसर्गिक युरेनियमात बॉम्बला लागणाऱ्या युरेनियम-२३५चं प्रमाण ०.७ टक्के. तो डोक्यात नसेल तर ते २३५ वेगळं काढायला अमेरिकेत ओक रिजला एवढे अवाढव्य कारखाने का उभारले ते लागत नाही. नावं लक्षात ठेवायच्या फंदात पडू नका, शेवटची नामसूची त्यासाठीच आहे.

पहिल्या तीन महिन्यांतलं माझं मत साफ होतं : मजकुरात टिपांचे आकडे न देणं हा आळस आहे. सुरुवातच बघा. १२ सप्टेंबर १९३३, लंडनचा साउदॅम्प्टन रो, सिग्नल बदलतो आणि भौतिकशास्त्रज्ञ लिओ सिलार्डला साखळी प्रक्रियेची (एका अणूतून सुटलेल्या न्यूट्रॉननी पुढचे अणू फुटत जाण्याची) कल्पना सुचते. वाचताना वाटतं, लेखक शेजारी उभा होता. आधार मात्र सिलार्डच्याच आठवणीचा, तीही बऱ्याच वर्षांनंतर सांगितलेली. हे जिथल्या तिथे कळायला नको?

शेवटच्या 'टंग्ज ऑफ फायर' प्रकरणाला हे मत ढिलं पडलं. हिरोशिमात बॉम्बमधून जिवंत राहिलेली माणसं तिथे पानंच्या पानं बोलतात. कोणी शाळकरी मुलगा, कोणी प्राध्यापक. बहुतेकांची ओळख एवढीच. त्या वाक्यांच्या डोक्यावर २१४, २१५, २१६ अशी रांग असती तर ते वाचवलं नसतं. आता पद्धत बदलली आहे : प्रकरण सलग वाचायचं, शंका येईल तिथे समासात पेन्सिलचा ठिपका द्यायचा, आणि प्रकरण संपल्यावर त्याच्या टिपा एका बैठकीत. एका प्रकरणाला एकच खेप. हीच शिस्त आधी पाळली असती तर फेविकॉलचा डबा फडताळातच राहिला असता, हेही कबूल.

टिपा नसल्याच तर? कॅथरिन बूचं 'बिहाइंड द ब्युटिफुल फॉरएव्हर्स', मुंबई विमानतळाजवळच्या अण्णावाडी झोपडपट्टीवरचं, २०१२चं नॅशनल बुक अवॉर्ड. त्यात फक्त शेवटी लेखिकेचं निवेदन आहे : नोव्हेंबर २००७ ते मार्च २०११ वस्तीत काम, तीन हजारांवर सरकारी कागद, त्यांतले बरेच माहिती अधिकारात मिळवलेले. ते निवेदन आधी वाचा, मग पुस्तक. ती प्रत अजून ठणठणीत आहे, पण एखादं वाक्य नेमकं कुठल्या कागदावरून आलं हे धुंडाळायला वाट नाही. म्हणजे तक्रार तिथेही आहेच.

ऱ्होड्सची प्रत नव्याने घेणार असाल तर पाठीची वरची कड बघून घ्या. लहान लहान कमानी दिसल्या तर शिलाई आहे, सरळ सपाट रेघ दिसली तर नुसता गोंद. पुठ्ठा जाड आहे यावर जाऊ नका, पुठ्ठ्याच्या आतही गोंदच असू शकतो. जोडलेली प्रत आता टेबलावर सपाट उघडी राहते, जे नवी असताना कधी जमलं नव्हतं. सूचीतली चार पानं मात्र पुन्हा सुटली आहेत, ती सध्या मागच्या आवरणात खोचून ठेवली आहेत.