डीएसएलआर घ्यावा की मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा? बडोद्यात दोन्ही वापरून झाल्यावर

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला, मामा पैसे साठलेत, आता साधा डीएसएलआर घेऊ की तो भल्यामोठ्या झूमवाला घेऊ, तू एकदाचं सांगून टाक. मी फोनवर अर्धा-पाऊण तास बोललो आणि तरी त्याचं ठरलं नाही. तेच आता जरा नीट लिहून काढतोय, कारण नवरात्र जवळ आली की आणि थंडी पडायला लागली की हाच प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. माझ्याकडे आधी ब्रिज कॅमेरा होता, म्हणजे दिसायला डीएसएलआरसारखा पण मोठ्या झूमची एकच लेन्स कायमची जोडलेला, साडेतीन वर्षं गळ्यात घालून फिरलो, मग डीएसएलआर आला, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा. घेतले तेव्हा दोघांच्या किमतीत फार फरक नव्हता. म्हणजे प्रश्न पैशाचा कमी आणि तुम्ही कशाचे फोटो काढता याचा जास्त.

मेगापिक्सेल, वायफाय, व्हिडिओ हे सगळं तुम्ही वाचलं असेलच, ते सोडून देतो. एकच आकडा डोक्यात ठेवा, या ब्रिज कॅमेऱ्यांत साधारणपणे १/२.३ इंची सेन्सर (उजेड टिपणारा भाग) असतो आणि सुरुवातीच्या डीएसएलआरमध्ये एपीएस-सी नावाचा, आणि क्षेत्रफळाने तो जवळजवळ तेरापट मोठा. एवढा झूम एवढ्या डब्यात मावतो तो सेन्सर बारीक आहे म्हणूनच, त्यात जादू काही नाही, आणि संध्याकाळ झाली की त्याची किंमत मोजावी लागते.

पण ब्रिज कॅमेऱ्याने मला जे दिलं ते आधी सांगतो, नाहीतर अन्याय होईल. काळाघोड्याजवळ पुलावर उभं राहायचं, खाली विश्वामित्रीच्या काठावर मगर ऊन खात पडलेली असते, लोक मोबाईलवर तिचा फोटो काढतात तेव्हा ती चिखलात पडलेल्या ओंडक्यासारखी दिसते. माझ्या ब्रिज कॅमेऱ्यात तिचा उघडा जबडा पूर्ण चौकटीत बसायचा, दात मोजावेत असा. चांपानेरला जामी मशिदीच्या मिनारावर वरच्या भागात जे कोरीव काम आहे ते खालून डोळ्यांना नुसतं खडबडीत दिसतं, मी अंगणात उभ्या उभ्या त्यातली वेलबुट्टी टिपली. चंद्राचं तर विचारूच नका, गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकवायचं आणि काढायचा, सगळे खड्डे स्वच्छ. निकॉनच्या पी९५० मध्ये २००० मिमीपर्यंत आणि पी१००० मध्ये ३००० मिमीपर्यंतचा झूम आहे (मिमीचा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), डीएसएलआरवर तेवढं लांब जायचं म्हटलं तर लेन्सच्या किमतीत स्कूटर येईल, आणि तरी पोचणार नाही ते वेगळंच. शिवाय लेन्स बदलायची भानगड नाही, पावागडावर धूळ उडो की वारा सुटो, कॅमेरा बंदच्या बंद.

एक गैरसमज मात्र काढून टाका, ब्रिज म्हणजे हलका असं काही नाही. पी९५० साधारण एक किलोचा आहे, पी१००० तर १,४०० ग्रॅमच्या वर. निकॉन डी३५०० हा डीएसएलआर आणि त्यावर ७०-३०० मिमीची एएफ-पी लेन्स, दोन्ही मिळून साधारण ८३० ग्रॅम. हे मला स्वतःला हातात धरून बघेपर्यंत खरं वाटलं नव्हतं. बॅटरीचंही तसंच, पी९५० ची कंपनीच साधारण २९० फोटो सांगते, डी३५०० ची १,५५०. मी डीएसएलआर घेतल्यापासून चार्जर घरीच ठेवून जातो, पूर्वी खिशात एक जास्तीची बॅटरी असायचीच असायची.

आणि झूमला हवा आडवी येते हेही कोणी सांगत नाही. आपल्याकडे दहा-साडेदहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते, मग लांबचा पक्षी वाफेतून बघितल्यासारखा दिसतो, तिथे २००० मिमी असो नाहीतर ३०००, फोटो मऊच येणार. लांबचा झूम खऱ्या अर्थाने कामाला येतो तो सकाळचे दोन तास.

आता ज्या एका गोष्टीवरून माझं ठरलं ती सांगतो, आणि ती सविस्तरच सांगतो.

जानेवारीतली सकाळ, वढवाण्याचा तलाव. बडोद्याचे लोक ओळखतातच, डभोईच्या बाजूला, गायकवाडांच्या राज्यात १९१० मध्ये सिंचनासाठी बांधलेला, २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आला. थंडीत तिथे हजारो पाहुणे पक्षी येतात, त्यातले पट्टकादंब (बार-हेडेड गूज) तर हिमालय ओलांडून येतात. मी बांधावरून चालत होतो, धुकं अजून पूर्ण उठलं नव्हतं, आणि पाण्याच्या कडेच्या शेतात तीस-पस्तीस पट्टकादंब चरत होते, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला ते दोन काळे पट्टे, त्यावरून नाव पडलंय. मी खाली बसलो, गुडघ्यावर ब्रिज कॅमेरा टेकवला, बसलेल्या पक्ष्यांचे फोटो अप्रतिम आले, आजही भिंतीवर एक आहे. मग मागे गावाकडे कुत्रं भुंकलं आणि सगळा थवा एकदम उठला. मी बटण दाबून धरलं, खटखटखट सात फ्रेम गेल्या आणि कॅमेरा थांबला. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, शेवटची फ्रेम तशीच गोठलेली, कोपऱ्यात थांबायची खूण, कॅमेरा कार्डावर लिहीत बसलाय. एक, दोन, तीन, चार, मी मोजतोय, बटण दाबतोय, काही होत नाही. शेवटी डोळा बाजूला करून वर बघितलं तर थवा माझ्या डोक्यावरून चाललेला, इतका खाली की पंखांचा आवाज येत होता, पोटाशी घेतलेले केशरी पाय दिसत होते, आणि हातातला एवढा मोठा झूम त्या चार सेकंदांत काहीही करू शकत नव्हता. कॅमेरा जागा झाला तेव्हा थवा तलावाच्या मध्यावर पोचला होता.

त्या सात फ्रेम घरी येऊन बघितल्या तर पाचात नुसतं आकाश. कारण सलग फोटो काढताना या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चालू क्षण दिसतच नव्हता, आत्ताच निघालेला फोटो दिसायचा, म्हणजे पक्षी कुठे होता ते कळतं, कुठे आहे ते कळत नाही, आणि एवढ्या लांब झूमवर बोटभर हात हलला की पक्षी चौकटीबाहेर. एकदा हरवला की झूम मागे घ्या, शोधा, परत पुढे न्या, आणि तो मोटरवर चालणारा झूम आपल्या गतीने घर्र करत जाणार. मी महागातलं वेगवान कार्ड घेऊन बघितलं, चार सेकंदांचे तीन झाले. सेटिंग बदलून कमी वेगाने काढून बघितले. सगळं करून झालं, पण त्या सकाळची हळहळ गेली नाही, खरं सांगतो, अजूनही वढवाण्याच्या बांधावर त्या जागी आलो की आठवण येते.

हे सगळ्या ब्रिज कॅमेऱ्यांना लागू आहे असं मी म्हणणार नाही. एक इंची सेन्सरवाले महागडे ब्रिज आहेत, सोनीचा आरएक्स१०-४ वगैरे, ते यात खूप पुढे आहेत, पण त्यांच्या किमतीत हा प्रश्नच उरत नाही. दुकानात घेताना एक करून बघा, दाराशी या, रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षेवर कॅमेरा धरा, बटण दाबून ठेवा, आणि थांबल्यावर परत पहिला फोटो निघेपर्यंत मनात आकडे मोजा. मी घेताना हे केलं नव्हतं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर झूम करून खूश होऊन घरी आलो होतो.

पुढच्या थंडीत त्याच बांधावर डी३५०० घेऊन गेलो, ७०-३०० लेन्स लावून. पक्षी लहान दिसले हे मान्य, ३०० मिमी म्हणजे या सेन्सरवर ४५० सारखं, कुठे माझा जुना झूम आणि कुठे हे. पाण्यात मध्यभागी बसलेले वारकरी पक्षी (कूट) तर नुसते काळे ठिपके. पण थवा उठला तेव्हा मी त्याच्याबरोबर फिरत राहिलो. आरशातून येणारं समोरचं दृश्य, फ्रेम पडते तेवढ्यापुरतं डोळा मिटल्यासारखं होतं आणि लगेच पक्षी परत समोर, जिथे आहे तिथेच. सेकंदाला पाच फ्रेम, म्हणजे कागदावर माझ्या ब्रिजपेक्षा वेग कमीच, पण जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या लहान फाइलमध्ये, तो कुठेतरी अडून बसला नाही. रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये काढाल तर थोड्याच फ्रेमनंतर हाही मंदावतो, तरी समोरचं दिसत राहतं आणि अधूनमधून फोटो निघत राहतो. २४ मेगापिक्सेल असल्यामुळे निम्मी चौकट कापून टाकली तरी घरच्या भिंतीवर लावण्याजोगा फोटो उरतो.

गरब्याचं वेगळं लिहायलाच नको खरं तर, पण बडोद्यात राहून ते टाळता येत नाही. आमच्या सोसायटीत शेरी गरबा (गल्लीतला घरगुती गरबा) होतो, उजेड म्हणजे चार हॅलोजन आणि मधोमध माताजींच्या मांडवीवरचे (मधे ठेवलेल्या दिव्यांच्या चौकटीवरचे) दिवे. ब्रिजवर झूम पुढे नेला की छिद्र एफ/५.६, एफ/६.५ होतं (आकडा मोठा म्हणजे छिद्र लहान), आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवा नाहीतर फोटो हलणार, चढवला की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसतं. डीएसएलआरला मी ३५ मिमी एफ/१.८ ची छोटी लेन्स घेतली, एफ/१.८ ला एफ/५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत येतो. मुलगी टाळी वाजवून वळते त्या क्षणी घागऱ्याचा घेर पूर्ण उघडलेला आणि चेहरा स्थिर, असा फोटो मला पहिल्यांदा त्या वर्षी मिळाला. तिच्या आजीने तो मोठा करून मागून घेतला.

डीएसएलआरचा त्रासही आहे. लेन्स बदलावी लागते आणि नेमकी बदलत असताना काहीतरी घडतं. धूळ आत गेली की आकाशात करडे ठिपके येतात. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या वेळी, अगाशीवर (गच्चीवर) उभं राहून लेन्स बदलू नका, खाली घरात या आणि बदला. जवळून किडे-फुलं काढायची असतील तर ब्रिज लेन्सला चिकटल्यासारख्या अंतरावरूनही काढतो, इथे त्यासाठी वेगळी लेन्स लागते.

जुना घेणार असाल तर दोन-तीन गोष्टी बघून घ्या, कारण डी३५०० चं उत्पादन २०२२ च्या सुमारास थांबलं, आता जुन्या बाजारातच बघावा लागेल. या बॉडीत फोकसची मोटर नाही, म्हणून ५० मिमी एफ/१.८ डी सारखी जुनी स्वस्त लेन्स बसते पण ऑटोफोकस होत नाही, हाताने फिरवत बसावं लागतं, तेव्हा नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तीच घ्या, त्यांत मोटर लेन्समध्येच असते. उलट एएफ-पी लेन्स डी३२०० वर चालत नाही, तेव्हा बॉडी फारच जुनी स्वस्तात मिळाली म्हणून उचलू नका. ७०-३०० मध्ये व्हीआर (हाताची थरथर सावरायची सोय) असलेली आणि नसलेली अशा दोन येतात, दिसायला सारख्याच, व्हीआर वालीच घ्या, ३०० वर हात थरथरतोच. कॅननचा १५००डी बघत असाल तर तोही बरा आहे, पण सेकंदाला तीनच फ्रेम आणि फोकसचे नऊ बिंदू, उडत्या पक्ष्याला जरा कमी पडतात असं मला वाटतं, गरब्याला आणि घरच्या कार्यांना चालेल.

मिररलेस (आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) घ्या असं म्हणणारे भेटतील, चूक नाहीत, दोन्ही मोठ्या कंपन्यांचा नवा डीएसएलआर बरीच वर्षं आलेला नाही. पण मिररलेसवर लांब लेन्स घ्यायला गेलात की बजेट हाताबाहेर जातं, आणि जुन्या डीएसएलआरच्या लेन्स पुढची पाच-सात वर्षं तरी बाजारात सहज मिळत राहतील असा माझा अंदाज आहे.

तर ज्याला बसलेलं, थांबलेलं, लांबचं टिपायचंय, चंद्र, मगर, देवळाचा कळस, आणि लेन्सच्या फंदात पडायचं नाही, त्याने ब्रिज खुशाल घ्यावा, निराशा होणार नाही. माझा ब्रिज मी विकला नाही, बाबांना दिला. ते रोज संध्याकाळी अगाशीवर खुर्ची टाकून बसतात, समोरच्या निंबावर पोपट येतात त्यांचे फोटो काढतात, पौर्णिमेला आम्हाला सगळ्यांना वर बोलावून चंद्र दाखवतात. त्यांना कॅमेरा चार सेकंद थांबतो याने काही फरक पडत नाही, पोपटही आरामात बसलेले असतात. पण ज्याला पळणारं पोर, गरब्यात वळणारी मंडळी, उठणारा थवा हवाय, त्याला मी तरी डीएसएलआरच सांगेन, झूम कमी असला तरी.

भाच्याला हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, पण मामा तो चंद्र! म्हणून आता ठरलंय, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तो येतोय, पहाटे सव्वापाचला निघायचं, डभोईला चहा, आणि उजाडायच्या आत बांधावर. बाबांकडून एक दिवसासाठी ब्रिज मागून घेतलाय. दोन्ही कॅमेरे त्याच्या गळ्यात घालणार आहे, थवा उठेल तेव्हा त्याचा हात कुठल्याकडे जातो तो त्याने घ्यावा.