पेराल्टा सनद: ॲरिझोनात हक्कसोडपत्रांच्या नावाखाली झालेली लूट

जुन्या राजाची सनद पुढे करून कुणी तुमच्या जमिनीवर हक्क सांगितला आणि "थोडे पैसे द्या, हक्क सोडल्याचं लिहून देतो" म्हणाला, तर पैसे देऊ नका. ॲरिझोना टेरिटरीत (ॲरिझोना तेव्हा अमेरिकेचं पूर्ण राज्य झालं नव्हतं) १८८३ नंतर अनेकांनी ते दिले. त्यात शेतकरी होते, गिरणीवाले होते, खाणमालक होते आणि घरात वकिलांची फौज असलेली रेल्वे कंपनीही होती. सनद मुळापासून खोटी होती. हे कोर्टात ठरायला १८९५ साल उजाडलं.

दावा करणारा होता जेम्स ॲडिसन रीव्हिस. त्याचं म्हणणं असं की स्पेनच्या राजाने अठराव्या शतकात पेराल्टा नावाच्या सरदाराला ही जमीन इनाम दिली आणि तिचा हक्क फिरत फिरत आपल्याकडे आला. क्षेत्र सुमारे १८,६०० चौरस मैल, म्हणजे जवळजवळ १ कोटी २० लाख एकर. फिनिक्स शहर त्यात आलं, हिला नदीकाठची शेती आली, चांदीच्या खाणी आल्या, पूर्वेला न्यू मेक्सिकोचा काही भागही आला. मार्च १८८३ मध्ये त्याने टूसॉनच्या सर्व्हेअर जनरलच्या, म्हणजे सरकारी जमीन मोजणीच्या प्रमुखाच्या, कार्यालयात कागदांची पेटी दाखल केली. पाठोपाठ गावोगावी नोटिसा लागल्या: इथे राहणाऱ्यांनी आमच्या माणसाला भेटून आपला व्यवहार नियमित करावा, नाहीतर त्यांना अतिक्रमणदार धरलं जाईल.

लोक घाबरले ते अडाणी होते म्हणून नव्हे. भीतीला कायद्याचा आधार होता. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहात आणि १८५३ च्या गॅड्सडेन खरेदीत हा मुलूख मेक्सिकोकडून घेताना अमेरिकेने कबूल केलं होतं की स्पेन आणि मेक्सिकोने पूर्वी दिलेल्या खऱ्या जमिनी मान्य केल्या जातील. त्या जमिनी कुठल्या, हे तपासायची पद्धत मात्र लंगडी होती. सर्व्हेअर जनरल चौकशी करून फक्त शिफारस करायचा, निर्णय वॉशिंग्टनला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, घ्यायचा आणि तिथे प्रकरणं वर्षानुवर्षं पडून राहायची. वस्ती करणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या होमस्टेड कायद्याने मिळालेल्या १६० एकरांवर कुणी घर बांधलं, पाट काढला, आणि त्याच जमिनीवर असा दावा प्रलंबित राहिला, की गिऱ्हाईक बिचकतं आणि गहाण ठेवून कर्ज देणारा हात आखडतो. रीव्हिसला जमीन जिंकायची गरजच नव्हती. दावा लोंबकळत राहिला तरी त्याला पुरेसं होतं.

तो जे विकत होता ते खरेदीखत नव्हतं, हक्कसोडपत्र होतं. दोन्हींतला फरक कळला असता तर निम्मी लूट थांबली असती. खरेदीखतात विकणारा सांगतो की जमीन माझी आहे, आणि हमी घातलेली असेल तर उद्या तिसरा कुणी हक्कदार निघाल्यास त्याची जबाबदारीही घेतो. हक्कसोडपत्रात तो एवढंच म्हणतो: माझा काही हक्क असलाच, तर तो मी सोडला. हक्क आहे असं तो म्हणतच नाही. हक्क शून्य असेल तर मिळतंही शून्य, आणि कागदात खोटं विधानच नसल्याने त्या कागदावरून त्याला धरणंही अवघड. शिवाय प्रत्येक विकत घेतलेलं पत्र पुढच्या माणसाला दाखवायला कामी येतं: "बघा, अमक्यानेसुद्धा माझा हक्क मानला."

तसंच घडलं. सदर्न पॅसिफिक रेल्वेने आपल्या मार्गासाठी ५०,००० डॉलर दिले, सिल्व्हर किंग खाणीने २५,००० डॉलर. रॉस्को काँकलिंग आणि रॉबर्ट इंगरसोल या त्या काळच्या नामांकित वकिलांनी कागद पाहून दावा भक्कम असल्याचं मत दिलं. मोठ्यांनी पैसे मोजले म्हटल्यावर लहानांचा धीर सुटला. फिनिक्समध्ये एका वर्तमानपत्राच्या मालकाने स्वतःच्या मिळकतीपुरतं हक्कसोडपत्र करून घेतलं आणि ते बाहेर फुटल्यावर लोक खवळले. त्यांचा संताप रास्त होता.

मोठी कंपनी पैसे देते तेव्हा तिने कागद खरा ठरवलेला असतो असं नाही. खटला लांबला तर किती खर्च येईल याचा तिने हिशेब केलेला असतो. वकिलाचं मतही समोर ठेवलेल्या कागदांपुरतंच असतं. कागद अस्सल मानले तर दावा टिकेल, एवढाच त्याचा अर्थ. कागद अस्सल आहेत का, हा प्रश्न त्या मतात येतच नाही.

मग करायला काय हवं होतं? टेरिटरीचे ॲटर्नी जनरल क्लार्क चर्चिल यांनी ते करून दाखवलं. त्यांची स्वतःची मिळकतही दाव्याच्या हद्दीत होती. त्यांनी रीव्हिसविरुद्ध मालकी निर्विवाद ठरवून मागणारा दावा लावला. अशा दाव्यात पारडं फिरतं: हक्क सांगणाऱ्याला बोलावून त्याचा हक्क कुठून आला हे शपथेवर सांगायला लावता येतं, उलटतपासणी घेता येते. रीव्हिसला साक्ष द्यावी लागली आणि चर्चिल जिंकले. तो निकाल त्यांच्या मिळकतीपुरता होता. पण आमच्या मते या सगळ्या प्रकरणात एकट्यादुकट्या मालकाने उचललेलं सर्वांत शहाणं पाऊल तेच. पाच-पन्नास शेजाऱ्यांनी खर्च वाटून घेतला तर ते सामान्य माणसालाही परवडतं.

१८८७ मध्ये रीव्हिसने दुसरा अर्ज टाकला. पहिल्या अर्जात सनदेचा हक्क विलिंग नावाच्या माणसाकडून खरेदीने आला होता. आता रीव्हिसची बायकोच पेराल्टा घराण्याची शेवटची वारस निघाली. मालकी कुठून आली याचं उत्तर चार वर्षांत बदलतं तेव्हा पुढचं काही तपासायच्या आधीच सावध व्हायला हवं.

सर्व्हेअर जनरल रॉयल जॉन्सन यांनी अनेक वर्षं तपास करून १८८९ मध्ये प्रतिकूल अहवाल दिला. अठराव्या शतकातले म्हणवणारे काही कागद पिसाच्या लेखणीने नव्हे तर पोलादी टाकाने लिहिलेले होते. राजदरबारच्या कारकुनाकडून होणार नाहीत अशा स्पॅनिश भाषेतल्या चुका त्यांत होत्या. दावा फेटाळला गेला. रीव्हिसने उलट सरकारवरच भरपाईचा दावा ठोकला.

मार्च १८९१ मध्ये काँग्रेसने खाजगी जमीन दाव्यांसाठी पाच न्यायाधीशांचं खास न्यायालय नेमलं आणि तिथे हे प्रकरण खऱ्या अर्थाने धसास लागलं. सरकारतर्फे सेव्हेरो मॅले-प्रेव्होस्ट हे मेक्सिकोत जन्मलेले, स्पॅनिश उत्तम जाणणारे वकील मेक्सिको आणि स्पेनमधले दप्तरखाने धुंडाळत गेले. तिथे जाणं का आवश्यक होतं? गॅड्सडेन खरेदीच्या तहातल्या सहाव्या कलमात अट होती की सनद मेक्सिकोच्या दप्तरात रीतसर नोंदलेली आणि जमिनीवर हद्द दाखवलेली असेल तरच ती मानायची. म्हणून नुसता कागद बनवून रीव्हिसचं भागणार नव्हतं, तो दप्तरात घुसवावा लागणार होता. त्याने दप्तरखान्यांत प्रवेश मिळवला आणि तेच केलं. परिणामी त्याची साक्षांकित नक्कल खरोखरच सरकारी दप्तरातून आलेली असायची. नकलेवरचा शिक्का खरा, पण मूळच खोटं.

ही चोरी पकडायची रीत एकच: त्याच नोंदीची दुसरी, वेगळ्या हातात असलेली वही शोधायची. कॅलिफोर्नियात सान बर्नार्डिनोच्या चर्चमध्ये रीव्हिसची बायको आणि तिच्या जुळ्या भावाच्या जन्म-बाप्तिस्म्याच्या नोंदी बरोबर जागी सापडल्या. पण पाद्र्याने वेगळी अनुक्रमणिका ठेवली होती आणि तिथपर्यंत रीव्हिसचा हात पोचला नव्हता. त्या जागी तिच्यात दुसऱ्याच मुलांची नावं होती. मेक्सिकोतल्या ग्वादलाहाराच्या कागदांत हस्ताक्षरतज्ज्ञ विल्यम टिप्टन यांना दिसलं की पहिलं आणि शेवटचं पान अस्सल आहे, मधल्या पानांची शाई मात्र निराळी. फक्त सुरुवात आणि सही पाहणारा इथे हमखास फसतो. पानं एकेक करून उजेडात धरायची, शाई जुळते का पाहायचं, शिवण उसवून पुन्हा घातली आहे का तेही.

जून १८९५ मध्ये सांता फे इथे सुनावणी झाली. न्यायालयाने दावा पूर्णपणे फेटाळला आणि रीव्हिसला लगेच अटक झाली. १८९६ मध्ये त्याला २ वर्षं कैद आणि ५,००० डॉलर दंड झाला.

या न्यायालयाबद्दल आणखी एक बोललंच पाहिजे. त्याच्या पुराव्याच्या कडक निकषांत खोट्यांबरोबर खरेही भरडले गेले. न्यू मेक्सिकोतल्या सान मिगेल देल वादो गावाचा दावा सुमारे ३,१५,००० एकरांचा होता. सामाईक कुरणं गावाची नसून सरकारची, असं १८९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आणि गावाच्या वाट्याला जेमतेम ५,००० एकर उरले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं चारणाऱ्यांनी कुणाची फसवणूक केली नव्हती.

आणि ज्यांनी रीव्हिसकडून हक्कसोडपत्रं घेतली होती त्यांचं काय? न्यायालयापुढे प्रश्न फक्त सनद खरी की खोटी एवढाच होता, त्यामुळे कुणाला पैसे परत मिळवून देणं त्या निकालाच्या कक्षेतच नव्हतं. ज्याला पैसे हवे त्याने रीव्हिसवर वेगळा दावा लावायचा, आणि त्याच्या हातातला कागद तर म्हणत होता की विकणाऱ्याने कशाचीच हमी दिलेली नाही.