चार पत्त्यांचं कोडं: खेळ अस्सल, माहितीपत्रक कच्चं

दादर पश्चिमेला खेळण्यांच्या एका दुकानात हा मराठी संच साडेतीनशेला मिळतो. आत ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांची दोन कोडी आहेत: १९६० चं २-४-६ आणि १९६६ चं चार पत्त्यांचं.

आधी पत्ते. टेबलावर अ, क, ४, ७ मांडायचे. नियम: एका बाजूला अ असेल तर मागे ४ असतोच. नियम पाळला गेलाय का, हे बघायला नेमके कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेकांचा हात अ आणि ४ वर जातो. बरोबर जोडी अ आणि ७. ४ च्या मागे क निघाला तरी नियमाला धक्का लागत नाही. ७ च्या मागे अ निघाला की तो मोडलाच.

'प्रत्येक पत्त्याला एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक' हे वाक्यच माहितीपत्रकात नाही. ते आधी सांगितलं नाही, तर क उलटणारा चुकत नाही, कारण क च्या मागेही अ असू शकतो. नियम 'स्वर असेल तर' असा न करता थेट अ घेतला, हे मात्र शहाणपणाचं. नाहीतर 'क म्हणजे क् अधिक अ' म्हणणारा व्याकरणवाला भेटतोच.

पत्ते पातळ आहेत, ट्यूबलाइटखाली हातात धरले तर मागचं दिसतं. टेबलावरच ठेवा, उचलू देऊ नका.

'अ असेल तर मागे ४ नसतो' या पत्त्यांवर 'सर्वांत अवघड' छापलंय. खरं तर हेच सोपं: इथे अ आणि ४ हेच उत्तर, आणि नियमात ज्यांची नावं आली तेच पत्ते उचलायची सवय इथे आपोआप फळते. म्हणूनच सगळ्या चुकांचं खापर कन्फर्मेशन बायसवर, म्हणजे आपल्या समजुतीला दुजोरा देणारंच शोधायच्या सवयीवर, फोडणारं माहितीपत्रक पटत नाही.

लोकलचा संच सगळ्यात छान. चार प्रवासी: एक फर्स्ट क्लासच्या डब्यात, एक सेकंडच्या, एकाकडे फर्स्टचा पास, एकाकडे सेकंडचा. फर्स्टच्या डब्यात बसायचं तर फर्स्टचा पास हवा. टीसीने कुणाला तपासायचं? पहिला आणि शेवटचा. तर्क तोच, पण इथे फारसं कुणी अडत नाही. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी 'बिअर प्यायची तर वय पुरेसं हवं' असा नियम घेऊन हेच केलं, तेव्हा चारातले सुमारे तिघे बरोबर आले. अक्षरांनंतर लगेच हा संच काढा, फरक जाणवतो.

कन्फर्मेशन बायस खरा दिसतो तो २-४-६ मध्ये. २-४-६ हे आकडे नियमात बसतात एवढंच सांगायचं, खेळणाऱ्याने आणखी तिकड्या विचारून नियम ओळखायचा. गुप्त नियम: चढत्या क्रमाने कोणतेही तीन आकडे. खेळणारा ८-१०-१२, २०-२२-२४ विचारत राहतो, प्रत्येक वेळी 'बसते' ऐकून खूश होतो आणि 'दोन-दोनने वाढतात' असं जाहीर करतो. ६-४-२ किंवा १-२-५० विचारायचं सुचत नाही. वेसनच्या २९ जणांपैकी पहिल्याच घोषणेत बरोबर आले ६. खेळवणाऱ्याने फक्त 'बसते' किंवा 'बसत नाही' म्हणावं. मनातल्या नियमाबद्दल हूं की चूं नको. नोंदीच्या कागदावर सहाच ओळी आहेत, त्या कमी पडतात. कहर म्हणजे नियम त्याच कागदाच्या मागे छापलाय. तो स्वतःकडे ठेवा आणि खेळणाऱ्याच्या हातात पाठकोरा कागद द्या.