निअँडरथाल म्युझियम, मेटमान: ज्याच्या नावानं सगळं, त्याचंच तोंड नाही

रेटिंग आधीच देऊन टाकते, ५ पैकी साडेचार, आणि तो अर्धा कापलाय तो म्युझियमसाठी नाही, कवटीवरून चेहरा घडवलेल्या पुतळ्यांच्या एकूण कलेसाठी कापलाय, ते पुढे येईलच.

आई-बाबा तीन महिन्यांसाठी ड्युसेलडॉर्फला आलेत. पहिल्या दोन आठवड्यांत कलोनचं कॅथेड्रल झालं, ऱ्हाइनमधली बोट झाली, तिसऱ्या चर्चच्या दारात बाबा म्हणाले मी बाहेर बाकावर बसतो तुम्ही या बघून. तेव्हा म्हटलं आता काहीतरी वेगळं काढायला हवं. निअँडरथाल म्युझियम शहरातून अगदी जवळ, मेन स्टेशनवरून एस २८ ही लोकल पकडायची, पाव तासाच्या आसपास निअँडरथाल नावाच्याच स्टेशनवर उतरायचं आणि थोडं चालायचं. आमची गाडी त्या दिवशी लेट होती ती गोष्ट वेगळी, आई प्लॅटफॉर्मवर म्हणाली जर्मनीत पण का गं? हो आई, जर्मनीत पण.

आता ही जागा काय आहे ते थोडं सांगते कारण माहीत असेल तर मजा दुप्पट येते. १८५६ मध्ये इथे चुनखडीच्या खाणीचं काम चालू होतं, कामगार एका गुहेतली माती उपसून खाली दरीत टाकत होते, त्यात हाडं निघाली. त्यांना वाटलं अस्वलाची असणार. पण एल्बरफेल्डच्या शाळेतले एक मास्तर, योहान कार्ल फुलरॉट, त्यांना बोलावलं आणि मास्तरांनी ओळखलं की बाबांनो हे अस्वल नाही, माणूस आहे पण आपल्यासारखा नाही. डार्विनचं पुस्तक यायला अजून तीन वर्षं होती हे लक्षात घ्या. मग मोठमोठ्या विद्वानांनी काय काय तारे तोडले, कोणी म्हणालं मुडदूस झालेला माणूस, बॉनचे एक प्रोफेसर म्हणाले हा १८१४ मधला रशियन कोसॅक घोडेस्वार, घोड्यावर बसून बसून पाय वाकलेत. शेवटी १८६४ मध्ये भूशास्त्रज्ञ विल्यम किंग यांनी आता नामशेष झालेल्या या माणसांच्या जमातीला होमो निअँडरथालेन्सिस हे नाव दिलं. आणि गंमत म्हणजे दरीला निअँडरथाल (म्हणजे निआंडरची दरी) हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते योआखिम निआंडर म्हणजे १७व्या शतकातले भक्तिगीतं रचणारे एक पाद्री, त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव नॉयमान, म्हणजे नवा माणूस, त्याचं ग्रीक केलं तर निआंडर. म्हणजे जगातला सगळ्यात प्रसिद्ध जुना माणूस सापडला तो नव्या माणसाच्या दरीत, याला म्हणतात योगायोग.

आता मुद्द्यावर येते. सापडली एकूण १६ हाडं. मांडीची, दंडाची, फासळ्यांची वगैरे, आणि कवटीचा फक्त वरचा भाग. नारळ फोडल्यावर वरची करवंटी हातात यावी तेवढाच. भुवयांवरचा तो जाड कंगोरा आहे, पण त्याच्या खाली काही नाही. नाक नाही, जबडा नाही, दात नाहीत. २००० साली खाणीच्या जुन्या ढिगाऱ्यात परत खणलं तेव्हा गालाजवळच्या हाडाचा एक तुकडा मिळाला आणि तो १८५६ च्या कवटीला बरोब्बर बसला, दीडशे वर्षांनी, पण म्हणून चेहरा पूर्ण झाला नाही. म्हणजे ज्याच्या नावानं अख्खी जमात ओळखली जाते त्याचंच तोंड आपल्याकडे नाही! मूळ हाडं पण इथे नाहीत, ती बॉनच्या म्युझियममध्ये आहेत, हे आधीच सांगते म्हणजे जाऊन हिरमोड नको.

मग इथे बघायचं काय? चेहरे, कवट्यांवरून घडवलेल्या पुतळ्यांचे. गोल गोल वर चढत जाणारा रॅम्प आहे (१९९६ ची बिल्डिंग, जिने जवळजवळ लागत नाहीत, आईच्या गुडघ्यांनी आशीर्वाद दिले) आणि वाटेत ही माणसं तुम्हाला भेटत जातात. भेटत जातात हाच शब्द बरोबर आहे. त्यातला एक हसरा म्हातारा निअँडरथाल आहे, नेदरलँड्सच्या केनिस बंधूंच्या हातचा. आद्री आणि आल्फॉन्स, जुळे भाऊ, या कामातले जगातले वस्तादच म्हणा. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात हसताना पडतात तशा घड्या आहेत, कातडीवर छिद्रं दिसतात, एकेक केस वेगळा रोवलेला. बाबा त्याच्यासमोर जे उभे राहिले ते हलेचनात. मला वाटलं दमले असतील, तर म्हणाले, "आखणी कोणी केली असेल गं याची?"

इथे सांगायला हवं की आम्ही पेणचे. काकांचा गणपतीचा कारखाना आहे, बाबांनी नोकरी बँकेत केली पण लहानपण सगळं शाडूच्या मातीत गेलं. पेणमध्ये डोळे रंगवण्याला आखणी म्हणतात आणि ते काम कोणालाही देत नाहीत, कारखान्यातला सगळ्यात मुरलेला माणूस ते करतो आणि करताना त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. साचा तोच असतो, शंभर मूर्ती एकाच साच्यातून निघतात, पण आखणी बदलली की एक गणपती प्रेमळ दिसतो आणि दुसरा रागीट.

तर मग रॅम्पवरच त्यांना पद्धत समजावून सांगितली. कवटीचा स्कॅन करून हुबेहूब नक्कल बनवतात. जे तुटलंय ते दुसऱ्या बाजूवरून किंवा त्याच जमातीच्या दुसऱ्या कवटीवरून भरून काढतात. मग ठराविक ठिकाणी खुंट्या लावतात, कपाळावर इतके मिलिमीटर, गालावर इतके, म्हणजे तिथे मांस-कातडी किती जाड असेल त्याचं माप. हाडावर स्नायू जिथे चिकटतात तिथे खडबडीत खुणा राहतात, त्यावरून चावायचा स्नायू किती दांडगा होता ते कळतं, तो मातीत चढवतात, त्यावर कातडी, मग साचा, मग सिलिकॉन, मग केस. हे शास्त्र रशियात मिखाईल गेरासिमोव्ह यांनी खूप पुढे नेलं, त्यांनीच जून १९४१ मध्ये समरकंदला तैमूरलंगाची कबर उघडली आणि कवटीवरून त्याचा चेहरा घडवला.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, जाडीचं माप कोणाचं? आणि हाच तो प्रश्न आहे ज्यासाठी मी अर्धा स्टार कापलाय. माप आजच्या माणसांचं. स्कॅन करून मोजलेलं. ४०,००० वर्षांपूर्वीच्या निअँडरथालचं मांस कोणी मोजलेलं नाही. पुढे, कानाला हाड नसतं, म्हणजे कान अंदाजानं. नाकाचा शेंडा अंदाजानं, नाकाचं भोक केवढं मोठं ते हाड सांगतं पण शेंडा खाली वळलेला की वर ते अर्धवटच कळतं. ओठ किती जाड, तेही अंदाजच. केस, दाढी, भुवया, सगळं कलाकाराच्या हातात. रंगाचं थोडं डीएनएवरून कळायला लागलंय, २००७ मध्ये दोन निअँडरथालांचे केस लालसर असावेत असा पुरावा आला, पण तो त्या दोघांचा, सगळ्यांचा नाही. आणि हसू तर कवटीत नसतंच! पण पुतळ्यासमोर उभं राहिलं की हाडानं सांगितलेला भाग कुठे संपला आणि कलाकाराचा हात कुठे सुरू झाला हे डोळ्याला अजिबात कळत नाही, सगळं सारखंच खरं वाटतं. जितकं काम चांगलं तितकी ही शिवण जास्त लपते. हे कुठल्याही म्युझियममधल्या पुतळ्याला लागू आहे, याच असं नाही.

आणि आखणी बदलली की काय होतं त्याचा इतिहासच आहे. १९०८ मध्ये फ्रान्समध्ये ला शापेल-ओ-सँ इथे एका म्हाताऱ्या निअँडरथालचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. मार्सेलँ बूल नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञांनी तो अभ्यासला आणि मान पुढे आलेला, गुडघ्यात वाकलेला, अर्धा माकड असा माणूस जगासमोर ठेवला. पुढची कित्येक वर्षं चित्रांत निअँडरथाल म्हणजे केसाळ, हातात सोटा, डोळ्यांत खुनशीपणा. १९५७ मध्ये दोन संशोधकांनी हाडं परत तपासली तर त्या बिचाऱ्याला जबरदस्त संधिवात होता. मधल्या काळात १९३९ मध्ये अमेरिकेत कार्लटन कून यांनी त्याच माणसाला हॅट-टाय घालून चित्र छापलं, झाला लगेच ट्रेनमधला शेजारी. हाड तेच. बाबा म्हणाले, "साचा एक, कारखाने वेगळे." यावर मी काय बोलणार.

म्हणूनच इथला सूट घातलेला निअँडरथाल मला सगळ्यात हुशार वाटला. त्याला मिस्टर ४ टक्के म्हणतात. २०१० मध्ये निअँडरथालचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा अख्खा आराखडा, आला तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्यांचा डीएनए १ ते ४ टक्के असल्याचा अंदाज होता, आता साधारण २ टक्के मानतात. म्हणजे आईत, बाबांत, माझ्यात, सगळ्यांत थोडा थोडा आहे. (आईची पहिली प्रतिक्रिया: तुझ्या वडिलांकडून आला असणार.) सूटमुळे तुम्ही कपडे बघायचं बंद करता आणि फक्त चेहरा बघता, तो कंगोरा, ते थोराड नाक, हनुवटीच्या जागी काहीच नाही, आणि तरीही बँकेत समोर बसला तर दोन सेकंद बघून आपण फॉर्म पुढे करू असा माणूस.

बाबांनी विचारलं आपल्याकडे केलंय का असं कोणी. केलंय की. हरियाणातल्या राखीगढीच्या दफनभूमीतल्या ३७ जणांपैकी दोघांच्या कवट्या चेहरा करण्याइतक्या चांगल्या होत्या, पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि दक्षिण कोरियाचे संशोधक यांनी सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटरवर त्यांचे चेहरे केले, २०१९ मध्ये बातमी आली. साडेचार हजार वर्षांपूर्वीची आपली माणसं. तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच नाकावरून वाद सुरू झाला होता की हे आपले की बाहेरचे, आणि कोणी विचारलंच नाही की नाकाचा शेंडा आला कुठून. आता तर मोबाइलवर कवटीचा फोटो टाकला की दहा सेकंदात हिरोसारखा चेहरा करून देणारे ॲप आहेत, त्यात खुंट्या पण नाहीत आणि माती पण नाही, नुसती आखणी.

बाकी कामाची माहिती पटकन. सोमवारी बंद असतं. दोन-अडीच तास पुरतात, बाबांसारखा माणूस बरोबर असेल तर चार. प्रत्यक्ष सापडल्याची जागा चालत जवळच आहे, गुहा काही उरलेली नाही, खाणीत सगळी उडवली, पण २०२२ मध्ये तिथे एक टॉवर उभा केलाय, गुहा जिथे होती त्या उंचीवर आपण जाऊन उभं राहतो आणि समोर नुसती हवा. मला ते फार आवडलं, आईला नाही, तिला वाटलं वर काहीतरी असेल. लहान मुलं असतील तर जवळच हिमयुगातल्या प्राण्यांसारखे रानगवे आणि घोडे ठेवलेत, ती चक्कर मारा. खायला घरून पोळी-भाजी नेलीत तर उत्तम, आम्ही बाहेर बाकावर बसून मेथीचे पराठे खाल्ले.

निघताना बाबांनी सूटवाल्याशेजारी खांद्याला खांदा लावून फोटो काढून घेतला आणि काही न लिहिता ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत पनवेलच्या मावशीचा मेसेज, "छान आलाय हो फोटो. हे शेजारी कोण, तिच्या ऑफिसचे साहेब का?"