निकोलायेवाबाईंच्या तीन सीडी: आठ महिन्यांनंतर (आणि ते दोन सेकंद)

सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचचे पियानोसाठीचे 24 प्रील्यूड आणि फ्यूग, पियानोवादक तात्याना निकोलायेवांचं 1990 चं रेकॉर्डिंग. प्रत्येक जोडीत आधी प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, मग फ्यूग: त्यात एकच सुरावट एकामागून एक वेगवेगळ्या ‘आवाजांत’, म्हणजे सुरांच्या ओळींत, येत जाते. आता सीडी कोण घेतं, हे घरच्यांनी विचारून झालंय. फुकटच्या ॲपवर प्रील्यूड संपला की फ्यूगच्या आधी जाहिरात येते. शोस्ताकोविचने बऱ्याच ठिकाणी ‘अटाका’ लिहिलंय, म्हणजे न थांबता पुढे जा. तिथे कपड्यांचा साबण! दरमहा पैसे भरण्यापेक्षा एकदाच 1,800 रुपये घालून जुना संच मागवला.

आला तर डबीचे मधले दात तुटलेले. विक्रेत्याला सहा ईमेल केल्या, 100 रुपये परत मिळाले. मग प्लेअर बसला. दुरुस्तीवाला लेन्सचे 1,400 मागतो. म्हणून मुलाच्या जुन्या लॅपटॉपवरून सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, आणि फसलो. म्युझिक सिस्टिम प्रत्येक ट्रॅकनंतर दोन सेकंद गप्प बसते. ट्रॅक 48, म्हणजे 47 वेळा. एकूण 94 सेकंद. मोजलेत.

वादनाबद्दल आधी नाराज होतो. बाई तेव्हा 66 वर्षांच्या. काही फ्यूग जड जातात, पेडल सढळ, आवाज घुमतो. 1962 चं त्यांचंच रेकॉर्डिंग शोधायला हवं होतं, असं वाटायचं.

ते मत मागे घेतो. तेराव्या फ्यूगमध्ये पाच आवाज आहेत, आणि प्रत्येक कधी आत आला ते माझ्यासारख्यालाही कळतं. 1959 पासून मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकवलेल्या बाई. पियानोवादक लुगान्स्की त्यांचाच शिष्य. आणि हे संगीत तर त्यांच्यामुळेच जन्मलं. 1950 साली लाइपझिगची, संगीतकार बाखच्या नावाची स्पर्धा त्या जिंकल्या, परीक्षकांत शोस्ताकोविच होता. परतल्यावर ऑक्टोबरात त्याने लिहायला घेतलं, फेब्रुवारीत संपवलं. होतील तसे तुकडे बाईंना ऐकवायचा. मे 1951 मध्ये संगीतकार संघाच्या बैठकीत त्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा बाजूने बोलणाऱ्या थोड्यांत पियानोवादक मारिया युदिना आणि या. डिसेंबर 1952 मध्ये लेनिनग्राडला सगळे 24 यांनीच पहिल्यांदा वाजवले.

13 नोव्हेंबर 1993 ला सॅन फ्रान्सिस्कोत सोळावा फ्यूग वाजवतानाच मेंदूत रक्तस्राव झाला. नऊ दिवसांनी गेल्या.

त्या सोळाव्यात दोन सेकंदांची फट मला चालेना. फुकटचं सॉफ्टवेअर टाकून ती जोडी एका फाइलीत चिकटवली. बाकीच्या 23 जोड्या राहिल्यात. लेन्सचे 1,400 अजून दिलेले नाहीत.