सॅमसंग सोडून आयफोन घ्यायचाय? आधी सिम मोजा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याचा धंदा करणाऱ्याने दहा-बारा वर्षं सॅमसंगच वापरला असेल आणि आता आयफोनवर डोळा असेल, तर कॅमेऱ्याचा विचार शेवटी करावा. महागड्या फोनमध्ये तो फरक आता भांडण्याइतका उरलेला नाही.

खरा प्रश्न सिमचा. इथे मिळणाऱ्या आयफोनमध्ये कार्डाचा स्लॉट फार तर एक असतो. दुसरा नंबर ई-सिमवर, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदवलेल्या सिमवर, घ्यावा लागतो. एरवी यात काही अडत नाही. पण फोन बंद पडला की कार्ड काढून भावाच्या फोनमध्ये टाकायचं, ही सोय ई-सिमला नाही. म्हणून धंद्याचा नंबर कार्डावरच ठेवा, घरचा ई-सिमवर.

दुसरं कॉल रेकॉर्डिंग. बाहेरगावच्या व्यापाऱ्याशी दर तोंडी ठरतो, म्हणून बरेच जण प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड करून ठेवतात. आयफोनला कॉल रेकॉर्ड करायची सोय २०२४ मध्ये आयओएस १८.१ या सिस्टिम अपडेटसोबत आली, पण ते आपोआप होत नाही आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्याचं समोरच्यालाही ऐकवलं जातं. रीतीला धरून तेच बरोबर म्हणा, पण सौद्याच्या मध्येच ते ऐकू आलं की समोरचा जपून बोलायला लागतो!

व्हॉट्सअ‍ॅपच्या जुन्या चॅटमध्ये सगळ्यात जास्त लोक फसतात. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. चॅट ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपमधून न्यायचे, तेही नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच नेलेले बरे. तेव्हा दुकानातला पोरगा ‘सगळं सेट करून देतो’ म्हणाला, तर त्याला थांबवा. बॅकअपसाठी ऑनलाइन मिळणारी फुकटची जागाही कमी होते: गूगल १५ जीबी देतं, ॲपलचं आयक्लाउड ५.

आयफोनची जमेची बाजू म्हणजे जुना विकताना किंमत बरी येते आणि अपडेट वर्षानुवर्षं मिळतात. मात्र २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंगनेही वरच्या फोनना सात वर्षांचे अपडेट कबूल केलेत, त्यामुळे हा मुद्दा स्वस्त अँड्रॉइडपुढेच जड ठरतो. चार्जरची वायर आयफोन १५ पासून टाइप-सीच आहे, घरातली चालेल.

यार्डातल्या माणसाने माझ्या मते सॅमसंगमध्येच वरचा फोन घ्यावा. नोकरदार असाल, नंबर एकच असेल आणि घरातले बाकी सगळे आयफोनवर असतील, तर खुशाल बदला. फक्त जुना फोन लगेच एक्स्चेंजला देऊ नका. यूपीआय आणि बँकेची ॲप नव्या फोनवर पुन्हा नोंदवावी लागतात, त्यासाठी बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून एसएमएस जावा लागतो. ती सगळी सुरू होऊन एखादा व्यवहार पार पडेपर्यंत जुना पुसायचा नाही.