दहावीच्या पालकांसाठी एकच पिक्चर: कोणता लावायचा?

पारोळ्याकडच्या एका शाळेतल्या सरांनी गेल्या आठवड्यात विचारलं, दहावीची पोरं आणि त्यांचे आई-बाप एकत्र बसवून एखादा पिक्चर दाखवायचाय, गरिबीतून लेकराला वर काढणाऱ्या पालकाचा. कापसाचा हंगाम आहे, सातच्या आत शेतातून कोणी येणार नाही. प्रोजेक्टर शाळेचा, लाइटचा भरवसा नाही. दोन नावं त्यांनीच काढली होती: ‘द परस्यूट ऑफ हॅपीनेस’ आणि ‘निल बट्टे सन्नाटा’. दोन्ही मी अमळनेर तालुक्यात भिंतीवर चादर ताणून दाखवलेत, म्हणून हे सविस्तर.

‘परस्यूट’ 2006 चा. क्रिस गार्डनर या खऱ्या माणसाची गोष्ट, काळ 1981 चा, गाव सॅन फ्रान्सिस्को. हाडांची घनता मोजणारी यंत्रं विकण्यात बापाची सगळी पुंजी अडकलेली, डॉक्टर लोक ती घेत नाहीत. बायको डबल पाळ्या करून थकते आणि निघून जाते. (तिच्यावर पिक्चरनं अन्याय केलाय असं माझं मत. आमच्याकडच्या बायांनीही तेच म्हटलं.) मग बाप शेअर दलालांच्या कंपनीत सहा महिने बिनपगारी उमेदवारी करतो, पाच वर्षांच्या पोराला सोबत घेऊन. विल स्मिथ आणि त्याचाच मुलगा जेडन, त्यामुळे दोघांतलं प्रेम ओढूनताणून आणलेलं वाटत नाही.

लोकांना कोणता प्रसंग भिडेल, यात माझा अंदाज साफ चुकला होता. मला वाटलं, स्टेशनच्या संडासात रात्र काढतात तो. बाप पोराला सांगतो की डायनासोर आलेत, गुहेत लपू या. मग बाहेरून कोणी दार ठोठावतं आणि तो पोराचे कान झाकून रडतो. तिथं सगळे गप्प झाले, ते खरं. पण खरी खळबळ झाली ती सरकार थकलेल्या करापोटी त्याच्या खात्यातून परस्पर पैसे काढून घेतं आणि एकवीस डॉलर उरतात तेव्हा. मागून एक काका मोठ्यानं म्हणाले, ‘हाऊ पिच्चर ते आपलाच शे!’ अनुदान खात्यात पडतं आणि पासबुक भरायला जावं तर कर्जापोटी वळतं झालेलं असतं, हे ज्यानं भोगलंय त्याला सॅन फ्रान्सिस्को लांब नाही. साहेब टॅक्सीसाठी सहज पाच डॉलर मागतो आणि हा नाही म्हणू शकत नाही, तिथंही तसंच.

अडचणी दोन. पहिली भाषेची: इंग्रजी संवाद, खाली पळणारी अक्षरं, ज्या आईला वाचता येत नाही ती अर्ध्या तासात गप्पांना लागते. मी मधेमधे थांबवून अहिराणीत सांगत गेलो, म्हणून निभावलं. दुसरी जास्त अवघड. वीस उमेदवारांतून नोकरी एकालाच मिळते. पिक्चर संपल्यावर सगळ्यांचे डोळे ओले, आणि स्पर्धा परीक्षेचे तीन प्रयत्न संपवून घरी बसलेला एक पोरगा विचारतो, ‘मंग बाकीना एकोनीसस्नं काय व्हयनं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिक्चरकडेही नाही.

‘निल बट्टे सन्नाटा’ 2016 साली थेटरात आला, दिग्दर्शन अश्विनी अय्यर तिवारी यांचं. आग्र्याची चंदा लोकांकडे धुणीभांडी करते, शिवाय मिळेल ते काम. लेक अपेक्षा गणितात कच्ची, आणि तिचं गणित वेगळंच: डॉक्टरची मुलगी डॉक्टर होते, मग बाईची मुलगी बाईच होणार. तेव्हा आई त्याच शाळेत, त्याच वर्गात नाव घालते. लेकीला लाज वाटते. तेव्हा पैज ठरते की गणितात लेकीला जास्त मार्क मिळाले तर आई शाळा सोडेल. स्वरा भास्कर चांगलीच, पण पंकज त्रिपाठींचे मुख्याध्यापक आले की पोरं जागची हलत नाहीत.

हा पिक्चर सोपा आहे, शेवट तर फारच गोड. ‘परस्यूट’ची धग त्यात नाही. पण त्यात पोराची लाज आहे, आणि ती ‘परस्यूट’मध्ये नाही, तिथला पोरगा लहान, बाप सांगेल ते खरं मानणारा. (खरा मुलगा तर त्याहून लहान, तान्हाच होता.) दहावीचा पोरगा तसा नसतो. बाप मळक्या कपड्यांत शाळेत आला तर तो मित्रांसमोर दुसरीकडे बघतो. आमच्याकडे पिक्चर चालू असताना एक मुलगी मधेच उठली आणि बायांच्या सतरंजीवर आईजवळ जाऊन बसली. कोणी काही बोललं नाही.

अमळनेरात ‘श्यामची आई’ का नाही, असं विचारणारे भेटतीलच. साने गुरुजी इथल्याच प्रताप हायस्कुलात शिकवायचे, अत्र्यांच्या 1953 च्या त्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, सगळं मान्य. पण ती आई दारिद्र्यातच जाते, आणि सरांना मार्ग निघालेला हवाय. इटलीचा ‘बायसिकल थीव्ज’ (1948) मला या सगळ्यांत मोठा वाटतो. पण पोरासमोर बाप सायकल चोरताना पकडला जातो, ते कर्जात बुडालेल्या बापाला त्याच्या पोराशेजारी बसवून दाखवण्याची माझी हिंमत नाही.

म्हणून सर, दहावीच्या बैठकीला ‘निल बट्टे’ लावा. ‘परस्यूट’ फक्त बापांसाठी ठेवा, कापूस विकून झाल्यावर, पोरं घरी असताना; समजावून सांगायला मी येतो. आणि इन्व्हर्टर दुपारीच चार्जिंगला लावा. ‘निल बट्टे’ शंभर मिनिटांच्या आसपास आहे, तेवढं तो खेचेल. ‘परस्यूट’ची 117 मिनिटं आमच्याकडे खेचली नव्हती, शेवटची दहा मिनिटं लोकांनी माझ्या तोंडूनच ऐकली.